मागची ट्रॉली

पहाटे ४

यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगाच रांगा, आणि त्यातला एकही सुरू नाही. ऐकू येते ती फक्त कारखान्याची घरघर. मळीचा आंबूस वास हंगाम संपेपर्यंत कपड्यांतून जात नाही, त्यामुळे इथं कुणाला त्याचं काही वाटतही नाही. अण्णांनी ट्रॅक्टरशेजारी पोती अंथरून वर गोधडी टाकली आहे, उघड्यावर. दव नको म्हणून पुष्कळ ड्रायव्हर ट्रॉलीखाली पथारी टाकतात. रांग सरकली की झोपेतला माणूस आधी स्टार्टर मारतो, खाली बघतो नंतर. "भिजल्यालं वाळतंय," एवढंच अण्णा म्हणतात.

सव्वाचारला नंबर पुकारतात. गाडी काट्यावर चढते, चिठ्ठी निघते, अण्णा आकडा बघून ती खिशात घालतात. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या आल्या त्या यामुळंच. डिझेल थोडं जास्त, ड्रायव्हर एकच, ऊस दुप्पट. या गणिताशी कुणी वाद घालत नाही. दुसरं एक गणित मात्र काट्याच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं. पन्नास एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन. मागं दोन ट्रॉल्यांत मिळून अठरा-वीस टन ऊस, शिवाय ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. आणि ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. ही सगळी वरात थांबवायची ती ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी.

पहाटे ५

गव्हाणीवर क्रेन येते. भरण्याआधी ट्रॉलीच्या तळाला अंथरलेल्या साखळ्या वर ओढल्या जातात आणि अख्खा ऊस एका बाजूनं उलटा होतो. ओझं उतरताच ट्रॉलीचे पाटे वर उसळतात. अण्णांची नजर या वेळी उसाकडं नसते, पाट्यांकडं असते. पुढच्या ट्रॉलीचे दोन्ही बाजूंचे पाटे सारखे उठले. मागच्या ट्रॉलीचा डावा पाटा मात्र जरा आळसानं उठला. "बारक्या, बघितलंस?" बारक्यानं बघितलेलं नसतं. तो अठरा-एकोणीस वर्षांचा, यंदा पहिल्यांदाच हंगामाला आलेला, त्याचं लक्ष क्रेनवाल्याकडं.

मोकळ्या गाडीचं वजन, पावती, गेटबाहेर चहा. चहा दोनदा होतो.

सकाळी ७.३०

वेल्डरच्या दुकानासमोर आधीच दोन ट्रॉल्या उभ्या आहेत. मी इथून मोटरसायकलवर मागं मागं जाणार, कारण मडगार्डवर बसायला अण्णांनी सरळ नाही म्हटलं. "पाव्हणं, आपल्या ट्रॅक्टरला शीट एकच हाय." मडगार्डवर दोन्हीकडं माणसं बसवून जाणारे ट्रॅक्टर रस्त्यानं रोज दिसतात. खड्ड्यात एक हिसका बसला की माणूस पडतो तो नेमका मागच्या मोठ्या चाकासमोर, हे सगळ्यांना माहीत असतं.

अण्णा दोन्ही ट्रॉल्यांच्या मधली पिन उपसून काढतात आणि अंगठा वरून खाली फिरवतात. पिन टोकांना जाड, मधे बारीक. ओढ जिकडून बसते त्या अंगाला लोखंड झिजून गुळगुळीत झालेलं, दुसऱ्या अंगाला अजून गंज शाबूत. मग ते दांडीच्या टोकाचं कडं बघतात. ते कधीकाळी गोल होतं, आता लांबट झालंय. पिन परत घालून दांडी हातानं पुढंमागं हलवली की टक-टक आवाज येतो. पिन आणि कडं यांच्यातल्या फटीत अण्णांची करंगळी जाते. आता प्रत्येक गिअरला, प्रत्येक ब्रेकला ही फट आधी भरते आणि मग मागचे दहा टन एकदम येऊन आदळतात. हळू सुटलं तरी आदळतातच, फक्त आवाज कमी येतो.

फट एकाच ठिकाणी असती तर भागलं असतं. ट्रॅक्टरचा हुक, पहिल्या ट्रॉलीचं टर्नटेबल, मधली पिन, दुसऱ्या ट्रॉलीचं टर्नटेबल, असे चार सांधे एकामागं एक आहेत. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस टर्नटेबलवर फिरतो आणि दांडी जिकडं ओढेल तिकडं वळतो. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई असली की पुढं ट्रॅक्टरनं खड्डा चुकवायला वीतभर वाट सोडावी आणि शेवटच्या फाळक्यानं हातभर बाहेर जावं, असं होतं. साखळीची शिवाशिव खेळताना शेवटच्या पोराची फरफट होते ना, तसं.

वेल्डर कड्याला आतून भरणी करतो, बुश ठोकून बसवतो. पिन मात्र अण्णा नवीनच घेतात. सळईचा तुकडा पिन म्हणून घालणारे कमी नाहीत. बांधकामाची सळई वाकते, हे दिसतं तरी. कधी न वाकता सरळ तुटते, तेव्हा दिसायला वेळच राहत नाही. पिनेच्या खालच्या भोकात लॉक. तिथंही बाइंडिंगची तार पिळून काम भागवलं जातं. आणि दांडीच्या खालून एक जाड साखळी, ट्रॉलीपासून ट्रॉलीला. पिन गेलीच तर दांडीचं टोक रस्त्यात घुसू नये, साखळीवर तोललं जावं, म्हणून.

तेवढ्यात एक छोटा ट्रॅक्टर येतो. त्यानं ट्रॉली हुकाला जोडलेली नाही. मागच्या दोन लिंकांच्या मधे भोकांची आडवी पट्टी असते, तिच्या मधल्या भोकात अडकवली आहे. ही पट्टी औजारांसाठी. लिंका वरखाली होतात, आजूबाजूला झुलतात, तो त्यांचा धर्मच आहे. ट्रॉलीच्या ओढीनं पट्टी वळणावर एका अंगाला जाते आणि चढाला वर उचलली जाते. ओढ मागच्या आसाच्या जितकी वर जाईल तितकी पुढची चाकं हलकी होतात. म्हणूनच ट्रॉलीचा हुक आसाच्या खाली बसवलेला असतो. ट्रॅक्टर मागं उलटतो तेव्हा क्लच दाबायला पाय पोचेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

"स्टॅबिलायझर टाकून देतो," वेल्डर म्हणतो. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून ट्रॅक्टरच्या बॉडीवरच्या पक्क्या ब्रॅकेटपर्यंत दोन तिरके बार. पट्टी मग डावीउजवीकडं झुलत नाही आणि वरही उठत नाही. नांगराकुळवासाठी याच जागी चेन असतात, त्या फक्त झुलणं आवरतात, उचलणं नाही. काम चांगलं आहे आणि शेतातल्या शेतात खताची ट्रॉली ओढायला पुरेसंही आहे. अण्णांनी स्वतः हंगामापुरत्या लिंका काढूनच ठेवल्यात, वळणावर दांडीला आडव्या येतात म्हणून. छोट्या ट्रॅक्टरवरच्या पोराला ते एवढंच सांगतात, "बार टाकलास तरी रस्त्याला हुकालाच लाव गा."

अमेरिकेत मोटारीमागं राहायची खोली ओढत फिरणारी मंडळी असतात. त्यांच्याकडं हे बारांचं शास्त्र फार पुढं गेलंय. दोनचाकी ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या मागच्या गोळ्यावर यायला हवा, असा तिथला दंडक आहे. त्यापेक्षा कमी आला तर ट्रेलर शेपटीकडं जड होऊन झुलायला लागतो. पण तेवढा भार मागं आला की मोटारीचं नाक उचलतं, स्टेअरिंग हलकं होतं. म्हणून दोन स्प्रिंगचे बार जोडाजवळून ट्रेलरच्या चासीखाली नेतात आणि साखळीनं ताणून बसवतात. त्या ताणानं मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटला जातो. ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी. तिथं गोळ्यावर घर्षणाचे पॅड आवळतात, झुलणं सुरू व्हायच्या आधीच त्याला अडवायला. तो गोळा कोरडा ठेवावा लागतो, त्यावरचा रंगसुद्धा खरवडून काढतात. हे अण्णांना सांगितलं तर त्यांना पटलं नाही. ग्रीसचा डबा हातात घेऊन ते म्हणाले, "कोरडं लोखंड? मग वळतंय कसं?" गोळ्याचं आणि पिनेचं काम वेगळं, त्यामुळं आपल्या जागी तेही बरोबरच आहेत.

पण त्या सगळ्या बारांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात एक गोष्ट हटकून लिहिलेली असते: बार लावल्यानं गाडीची ओढायची क्षमता वाढत नाही, आणि चुकीचं भरलेलं ओझं त्यानं दुरुस्त होत नाही. आपल्या ट्रॉलीला असा बार नाही, म्हणजे इकडं सगळा भरवसा भरण्यावर.

सकाळी ९.३०

फड पन्हाळ्याच्या पायथ्याला. ऊस को ८६०३२, लावणीचा, उंच आणि सरळ. टोळी बीडकडची, दिवस उगवायच्या आधीपासून कोयते चालू आहेत. सरीत पाचटाचा गुडघाभर थर, बांधावर वाढ्यांच्या पेंड्या. शेतमालक बांधावर फोनवर बोलतोय. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये धरली, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणून वाहतुकीच्या दरावर त्याचा राग. अण्णांना तो 'एंट्री', म्हणजे ड्रायव्हरला वरून द्यायची रक्कम, किती द्यायची विचारतो. अण्णा हसून विषय बदलतात. या चालीवर शेतकरी संघटनांनी बरंच रान उठवलंय, आणि त्यांचं खोटं नाही. पण ट्रॉली फडातून सुखरूप बाहेर काढायचं काम ड्रायव्हरच्या मर्जीवर आहे, तोवर ती बंद होणं कठीण.

सकाळी १०.३०

भरणी सुरू. दिवसाचा खरा भाग हा, आणि बघायला कुणीही येत नाही.

डोक्यावर मोळी घेऊन बाया तिरप्या फळीवरून वर चढतात. फळी पायाखाली दबते आणि उसळते, त्या उसळीच्या तालावर पाऊल पडतं. वर उभा असलेला गडी मोळी घेऊन रचतो. पहिल्या चार-सहा थरांना अण्णा ट्रॉलीच्या चाकाजवळ उभे राहतात. उसाचा बुडखा जड, शेंडा हलका. सगळे बुडखे एकाच अंगाला आले तर नुसतं बघून ट्रॉली समतल वाटते आणि असते मात्र एका कुशीवर. म्हणून एक थर असा, एक थर उलटा. "मामा, ह्या अंगाला शेंडं घ्या आता." मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतात आणि फिरवून घेतात.

मग लांबीचा प्रश्न. ओझं मागच्या आसाच्या मागं साठत गेलं की पुढचा आस हलका होतो. हलका आस टर्नटेबलवर नीट बसत नाही, रस्त्यावर डावंउजवं करत राहतो. दोनचाकी ट्रॉली असेल तर आणखी वाईट, ती थेट हुकच वर उचलते. बांधावरून उभं राहून भरायला सोपी बाजू मागची, कारण फाळका तिथं उघडा असतो. म्हणजे कुणी काही बोललं नाही तर ट्रॉली आपोआप चुकीच्या जागी जड होते.

दोन ट्रॉल्यांत जड कुठली ठेवायची, हा याच्या पुढचा मुद्दा. उत्तर सोपं आहे: पुढची जड, मागची हलकी. मागची जड झाली तर ती पुढच्या ट्रॉलीला वागवते आणि पुढची ट्रॅक्टरला. पण फडात उलटंच होतं. पुढची ट्रॉली आधी भरते, दोर आवळून बंद होते. राहिलेला सगळा ऊस, शेवटच्या दोन सऱ्या, बांधावरची गळालेली टिपरं, मालकानं आग्रह केलेली आणखी दहा-बारा मोळ्या, हे सगळं चढतं मागच्या ट्रॉलीवर.

आणि फक्त ऊसच नाही. जरा बारकाईनं बघितलं तर मागच्या ट्रॉलीला सगळंच उरलेलं मिळतं. पुढच्या ट्रॉलीचे टायर बदलले की जुने मागच्या ट्रॉलीला. पिन झिजली की पुढची नवी, जुनी मागं. ट्रॅक्टरची लाइट पुढच्या ट्रॉलीपर्यंत येते, मधल्या जोडात वायर तुटलेली. कर्जावर एक नवी ट्रॉली घेतली जाते, जोडीला एक सेकंडहँड, आणि सेकंडहँड जाते मागं. हिसका बसतो तो पुढून मागं जाताना वाढत वाढत, आणि तो झेलायला शेवटी उभं असतं सगळ्यात कमजोर लोखंड. अपघाताच्या बातमीत ट्रॅक्टरचालक असतो, पिन नसते.

दुपारी १.३०

मुकादमाशी वाद. टोळीला पैसे टनावर, राहिलेला ऊस उद्यावर टाकला तर उद्याची तोड मोडते, आणि तुटलेला ऊस फडात वाळला की वजन घटतं ते वेगळंच. मुकादमाचं म्हणणं खोटं नाही. अण्णांचंही नाही. "वरचं दोन थर पुढच्या गाडीवर घ्या, दोर मी सोडून देतो." पुढची ट्रॉली परत उघडायची म्हणजे अर्धा तास. टोळीतल्या एक मावशी फळीखाली बसून भाकरी खाता खाता सगळं ऐकतात आणि शेवटी त्याच बोलतात, "घ्या सोडून. माझं लेकरू असतंय मागच्या गाडीपाशी." बारक्या त्यांचा कुणी नाही. मुकादम मान हलवतो. तरीही पाच-सात मोळ्या बांधावर राहतात, त्या शेतमालक जनावरांना नेईल.

डावा पाटा उसाखाली दबलाय. अण्णा मागं उभं राहून एक डोळा मिटून ट्रॉलीची कड क्षितिजाशी ताडून बघतात. थोडी डावीकडं झुकलीच आहे. उजव्या अंगाला चार मोळ्या सरकवतात.

दुपारी ३

फडातून रस्त्यावर निघायचं. भुसभुशीत सरीत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या निघत नाहीत, म्हणून शेजारच्या फडातला ट्रॅक्टर पुढं टोचन लावतो. या दहा मिनिटांत कुणालाही दोराजवळ उभं राहू देत नाहीत. ताणलेला वायररोप तुटला की कुठं जाईल सांगता येत नाही. अण्णांच्या ट्रॅक्टरच्या बंपरला लोखंडी वजनं आहेत, मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय. पुढची वजनं स्टेअरिंगला, मागचं पाणी पकडीला. पुढची चाकं तरीही एकदा टीचभर उठतात आणि परत टेकतात. अण्णा पाय ढिला करतात, वाट बघतात, परत हळू क्लच सोडतात.

रस्त्याला लागल्यावर पहिलं काम ब्रेकचं. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळायला एकेक वापरतात. रस्त्यावर मधली पट्टी टाकून दोन्ही पेडल जोडून घ्यावी लागतात. नाहीतर घाईत पाय एकावरच पडतो, एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचे वीस टन सरळ येत राहतात. पट्टी बारीकशी असते. कित्येक ट्रॅक्टरांना ती तुटून पडलेली, आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

दुपारी ४.१५

वाघबीळची घाटी. चढणीच्या आधी टपरीजवळ रुंद जागा आहे. अण्णा तिथं मागची ट्रॉली सोडतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, फाळक्याला लाल कापड, शेजारी बारक्या. पुढची ट्रॉली घेऊन घाटी चढायची, पलीकडं उतरायची, तिथं लावायची आणि मोकळ्या ट्रॅक्टरनं परत यायचं. बाकीचे दोन्ही ट्रॉल्या घेऊन जातात. एक जण जाता जाता ओरडतो, "अण्णा, पेन्शन मिळती काय उशिराची?"

दोन्ही घेऊन चढता येतं, यात वाद नाही. लो गिअरमध्ये रोज चढतात. बंद पडलं तर काय, एवढाच प्रश्न. चढावर ट्रॅक्टर बंद पडला की दोन टनांना वीस टन मागं ओढतात, आणि मागं जाणाऱ्या दोन ट्रॉल्या कधीच सरळ जात नाहीत. मग कुणीतरी उडी मारून चाकामागं दगड टाकतो. निघाल्यावर तो दगड रस्त्यातच राहतो. रात्री मोटरसायकलवाल्याला तो भेटतो. या दगडांबद्दल लिहावं तितकं थोडं आहे.

उताराचं आणखी वेगळं. इथं ट्रॉली ढकलते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मधेच गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिन सुटतं. त्या दोन सेकंदांत गाडीनं जो वेग घेतला तो नुसत्या ब्रेकनं परत मिळत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. अण्णा त्यांच्याबद्दल बोलतात ते शब्द इथं छापण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या फेरीत मागची ट्रॉली उतरताना डाव्या पाट्याची कुरकुर मला मोटरसायकलवर ऐकू येते. ऊन कलतं झालंय. घाटी उजेडात पार करायची हा हिशेब फडातल्या मुकादमाच्या वादापासूनच अण्णांच्या डोक्यात होता.

संध्याकाळी ६

पलीकडं पायथ्याला दोन्ही ट्रॉल्या परत जोडल्या. नवी पिन, लॉक, साखळी. मधली वायर बारक्यानं जोडली, मागचा दिवा लागला, पण उसाची लोंबती टोकं त्यावर आली आहेत. अण्णा कोयता मागवतात आणि ती छाटतात. मग रेडियम लावलेलं मोठं कापड फाळक्यावरून सोडून दोन्ही खालच्या टोकांना बांधतात, वाऱ्यानं गुंडाळू नये म्हणून. हे कापड कारखान्यांकडूनच वाटलं जातं. पुष्कळ ठिकाणी ते ड्रायव्हरच्या सीटखाली घडी घालून ठेवलेलं सापडतं.

संध्याकाळी ६.४५

सपाट वाटणारा, चांगला, पण जरासा उताराचा रस्ता. माणूस इथंच फसतो. आमच्या पुढं एक डबल ट्रॉली चालली आहे, गाण्याचा आवाज इतका की तिच्या मागच्या मोटारीचा हॉर्न मलाच ऐकू येईना, त्या ड्रायव्हरला कुठला येणार. उतार लागला तसा वेग वाढला. मागची ट्रॉली आधी थोडी डावीकडं गेली, परत आली, उजवीकडं जरा जास्त गेली. सुरुवातीला ते डुलणंच वाटतं. एका ठरावीक वेगाच्या खाली असं डुलणं आपोआप विरतं, त्या वेगाच्या वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग किती, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. ते सांध्यांच्या ढिलाईवर, टायरच्या हवेवर आणि सकाळी मोळ्या कुठं रचल्या त्यावर ठरतं.

अशा वेळी माणसाचे हातपाय नेमकं नको ते करतात. स्टेअरिंग उलट फिरवून ट्रॉली सरळ करायला जावं तर पुढचा हेलकावा आणखी मोठा. कचकन ब्रेक मारावा तर मागचं ओझं पुढं येऊन सांध्यात दुमडतं. करायचं एवढंच: स्टेअरिंग सरळ धरून एक्सलेटर सोडायचा, गिअर तसाच ठेवायचा, वेग आपणहून पडू द्यायचा. त्या ड्रायव्हरला हे ठाऊक होतं, किंवा तो घाबरून गोठला असेल; फळ एकच. डुलणं हळूहळू विरलं. गाणं चालूच होतं.

अण्णा मागं बरंच अंतर ठेवून आपल्या चालीनं येत होते. त्यांच्या मागच्या ट्रॉलीचं रेडियम मोटारींच्या दिव्यांत लखलखत होतं, आणि जागचं हलत नव्हतं.

रात्री ८.३०

यार्ड. नंबर लागायला निम्मी रात्र जाणार. ती गाणी वाजवणारी गाडी दोन रांगा सोडून उभी आहे. अण्णा बॅटरी घेऊन तिकडं जातात, कुणाला न विचारता मधल्या जोडापाशी उकिडवे बसतात आणि दांडी हलवून बघतात. टक-टक. ड्रायव्हर तिशीच्या आतला, भाकरीचा घास हातात धरून उठतो.

"काय झालं, अण्णा?"

"कडं गेलंय. पिनबी. सळई घातलीयास काय रं?"

"मालकाला सांगितलंय कवाच. ह्या पंधरवड्याचं बिल निघालं की बघू म्हणलाय."

"मालक मागच्या ट्रॉलीवर बसतोय व्हय?" अण्णा उठून पँटवरची धूळ झटकतात. "हे बघ, मोकळी झाली की दोन्ही अदलाबदल कर. पुढची तुझी नवी हाय, ती घाल मागं. माझी जुनी पिन बारीक झालीया, पर तुझ्या सळईपेक्षा बरी. उद्या सकाळपतुर चालंल."

"दोघांनी व्हायचं न्हाई ते."

"बारक्या हाय की. बारक्या! जॅक आण. आणि ह्याचा नंबर कितवा हाय ते बघून ये, आपल्या आधी लागला तर मला उठीव."